दहा बाय बाराच्या खोलीत रेल्वे बसवायची तर आराखडा कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉडेल रेल्वे बसवायला घरातली १० बाय १२ फुटांची खोली तुम्हाला मिळणार आहे. एच-ओ मापाचं एक इंजिन आणि चार एलएचबी डबे (नव्या धाटणीचे लांब प्रवासी डबे) घेऊन झालेत. ८ बाय ४ फुटांच्या एका प्लायवर डबल लाइन, घाट चढून पुलावरून जाणारी तिसरी लाइन, चार फलाटांचं स्टेशन, मालयार्ड आणि गाडीचं तोंड फिरवायला रिव्हर्स लूप, असा आराखडा तुम्ही संगणकावर काढलाय. सगळे रूळ एकमेकांना जुळतात. तर आता सामान आणायचं का?

अजून नको. त्या आराखड्यात रूळ जुळलेत, पण गाडी कुठेच दिसत नाही. तुमची गाडी किती लांब, ती कुठून येते, कुठे थांबते आणि कशासाठी थांबते, यातलं काहीच त्या कागदावरून कळत नाही. घरातल्या लेआउटचा आराखडा गाडीपासून सुरू करायचा असतो, रूळ सगळ्यात शेवटी येतात. हा क्रम उलटा झाला की कागदावर भरगच्च दिसणारी योजना प्रत्यक्षात दोन महिन्यांत कंटाळवाणी होते, कारण गाडी गोल गोल फिरण्यापलीकडे काही करू शकत नाही.

तर आधी एक डबा हातात घ्या आणि मोजा. खरा एलएचबी डबा साधारण २३.५ मीटर लांब असतो, कपलरसकट, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीसकट, २४ धरा. एच-ओ म्हणजे १:८७, तेव्हा प्रमाणात बनवलेला डबा कपलरसकट साधारण २७.५ सेंटिमीटर भरतो. जुना आयसीएफ डबा अंगाने २१.३ मीटर, म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटर. वळणावर सोपं जावं म्हणून काही उत्पादक डबे मुद्दाम आखूड करतात, म्हणून छापील आकड्यापेक्षा तुमच्या फूटपट्टीवर विश्वास ठेवा. वळणाची त्रिज्या, लूपची लांबी, फलाट, दोन रुळांमधलं अंतर, सगळं या एका आकड्यावर ठरतं.

वळणाचा ढोबळ हिशेब असा आहे: त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट असली की गाडी भरवशाने धावते. साडेतीनपट असली की वळणाच्या आतल्या बाजूने बघताना बरी दिसते, आणि बाहेरच्या बाजूने बरी दिसायला चौपट लागते. अडीचपटीच्या खाली गेलात की काही डबे जातील, काही रुसतील, आणि मागून ढकलताना हमखास रूळ सोडतील. तुमच्या डब्याची तिप्पट म्हणजे ८० सेंटिमीटरच्या पुढे. चार फूट रुंदीच्या प्लायवर कडेला थोडी जागा सोडून मोठ्यात मोठी त्रिज्या बसते ५६ सेंटिमीटर. म्हणजे दुपटीच्या जरा वर. तयार संचातले रूळ तर याहून घट्ट असतात. ब्रिटिश पद्धतीच्या सेटट्रॅकमधलं दुसरं वळण ४३.८ सेंटिमीटरचं आणि तिसरं ५०.५ सेंटिमीटरचं. ती मापं आखूड डब्यांसाठी ठरली, एलएचबीसाठी नव्हेत.

यात तुमच्या डबल लाइनचं काय होतं ते आकड्यांतच बघा. एलएचबीच्या दोन बोग्यांच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांच्या, मध्यबिंदूंमधलं अंतर एच-ओत साधारण १७ सेंटिमीटर. ५६ च्या वळणावर डब्याचं पोट साडेसहा मिलिमीटर आत झुकतं. आतल्या लाइनवर, ५१ च्या वळणावर, डब्याचं टोक जवळजवळ ११ मिलिमीटर बाहेर येतं. डब्याची रुंदी ३७ मिलिमीटर. तुम्ही दोन लाइनींत ५० मिलिमीटर अंतर ठेवलंय, त्यातून ३७ गेले की राहिले १३. झुकणं आणि बाहेर येणं मिळून १७. म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या त्या वळणावर एकमेकींना घासणार. सरळ रुळावर ५० मिलिमीटर छान दिसतं, पण एवढ्या घट्ट वळणावर ते ६७ च्या आसपास न्यायला हवं. संगणकातला प्रोग्रॅम हे आपणहून सांगत नाही, कारण त्याला रूळ कळतात, तुमचे डबे कळत नाहीत.

आता घाट. बोर घाटाचा चढ १ ला ३७ आहे, थळ घाटाचाही तेवढाच, आणि तिथे आजही गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. तुम्ही तोच चढ घेतलाय, ते मला आवडलं. पण खालच्या गाडीवरून वरची लाइन न्यायची तर रुळापासून रुळापर्यंत साधारण ८० मिलिमीटर उंची लागते. ८० गुणिले ३७ म्हणजे जवळजवळ तीन मीटर नुसतं चढायला, आणि तेवढंच पुन्हा उतरायला. तुमच्या प्लायवरच्या बाहेरच्या लाइनचा पूर्ण फेरा भरतो सहा मीटरच्या आत. म्हणजे अख्खा फेरा चढण्या-उतरण्यातच संपला. स्टेशनला सपाट जागा उरली नाही, आणि चढाच्या सुरुवातीला व शेवटी जो हळूहळू बदल द्यावा लागतो त्यालाही नाही. शिवाय तो चढ घट्ट वळणावर आहे. वळण स्वतःच गाडीला ओढून धरतं, त्यामुळे ती लाइन इंजिनाला १ ला ३७ पेक्षा बरीच जड जाईल.

बोर घाट बांधणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा वळण घ्यायला डोंगरात जागा नव्हती, म्हणून त्यांनी रिव्हर्सिंग स्टेशन केलं: गाडी एका दिशेने चढून थांबायची आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायची. नवा मार्ग झाल्यावर १९२९ मध्ये ते बंद झालं. घाटाची हौस असेल तर ब्रॉडगेज चढवण्यापेक्षा नेरळ–माथेरान घ्या, हे मी मनापासून सांगतो. १९०७ सालची ती ६१० मिलिमीटर गेजची लाइन आहे, चढ १ ला २० पर्यंत, डबे आखूड, वळणं घोड्याच्या नालेसारखी. एच-ओच्या प्रमाणात ती ९ मिलिमीटरच्या, म्हणजे एन मापाच्या रुळांवर बसवता येते. गेज नेमकं जुळत नाही, पण डोळ्याला खटकत नाही. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. एवढ्यातली दोन स्टेशनं आणि मधला डोंगर चार फूट रुंदीच्या प्लायवरही खरा वाटतो. पण मग एलएचबी डबे कपाटात राहतील. दोन्ही एकाच प्लायवर नकोत.

रिव्हर्स लूपबद्दल. दोन रुळांच्या पद्धतीत गाडी लूपमधून फिरून त्याच लाइनवर परत आली की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतं. ते टाळायला लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडून इन्सुलेटेड (वीज न जाऊ देणारे) जॉइनर घालायचे आणि मधल्या भागाची दिशा बदलणारा स्विच, किंवा डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) असेल तर आपोआप दिशा पलटणारं मॉड्यूल बसवायचं. हे जमतं. पण तो तोडलेला भाग तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा लागतो, आणि तुमच्या आराखड्यात तो ९० सेंटिमीटरचा आहे, तर इंजिन आणि चार डबे मिळून होतात १ मीटर ३४. त्याहून मोठा प्रश्न हा की लूप कशाला हवा? दोन्ही टोकांना केबिन असलेल्या इंजिनाला तोंड फिरवायची गरज नाही. लूप काढून टाका, एक चतुर्थांश प्लाय मोकळा होईल.

तो प्लायच मुळात सोडून द्या, असं माझं म्हणणं आहे. खोलीच्या मधोमध ८ बाय ४ चं टेबल ठेवलं तर चारही बाजूंनी फिरायला दोन-दोन फूट लागतात, आणि भिंतीला लावलं तर पलीकडच्या रुळापर्यंत हात पोहोचत नाही. उभ्या माणसाचा हात ६० सेंटिमीटरपर्यंत सुखाने जातो, ७५ ला ताण पडतो. गाडी नेमकी घसरते ती त्या पलीकडच्या कोपऱ्यात. याउलट भिंतींच्या कडेने ३० ते ४५ सेंटिमीटर रुंद फळी फिरवली तर खोलीचा मधला भाग मोकळा राहतो, खाली पलंग किंवा कपाट राहतं, आणि वळण मोठं मिळतं. शिवाय तुम्ही कायम वळणाच्या आत उभे असता, त्यामुळे ७० सेंटिमीटरचं वळणसुद्धा बरं दिसतं. नियमाच्या तिप्पटीत ते थोडं कमी पडतं, पण चांगले रूळ आणि नीट बसवलेले कपलर असतील तर तुमचे डबे त्यावर धावतील. वळण सुरू होताना एकदम न वळता हळूहळू वळवलं, म्हणजे सरळ लाइन वळणाच्या रेषेपासून साधारण १२ मिलिमीटर बाजूला ठेवून दोन्ही लवचिक रुळाने जोडल्या, तर धक्का आणखी कमी होतो. त्यासाठी तुकड्यांचे रूळ सोडून ९१४ मिलिमीटरचे लवचिक रूळ घ्या.

विषय काय घ्यायचा? चार फलाटांचं स्टेशन सोडा, कोकण रेल्वेवरचं एखादं क्रॉसिंग स्टेशन घ्या, जिथे एकेरी लाइनवरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात. तुम्ही ज्या गाडीचे डबे घेतलेत ती तिथे शोभते, एकेरी लाइन असल्याने रूळ कमी लागतात, आणि तरीही काम भरपूर असतं. मेन लाइन, एक लूप (इथे रिव्हर्स लूप नव्हे, तर दुसरी गाडी जाईपर्यंत थांबायची बाजूची लाइन), शक्य झालं तर मालाची एक सायडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायची बाजूची लाइन. एवढ्यावर अख्खी संध्याकाळ जाते. दोन्ही बाजूंना बोगदे आहेत, ते आपल्याला आयते मिळालेत: गाडी बोगद्यात शिरली की ती रत्नागिरीला गेली किंवा मडगावला, हे कोणी विचारत नाही. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. एच-ओत तो ७५ मीटर होईल. कोकण रेल्वेवरच्या वळणांची त्रिज्या सहसा १२५० मीटरच्या खाली जात नाही, ती एच-ओत १४ मीटरच्या वर जाते. म्हणजे लांबी आपण सगळेच आखडतो. म्हणून कुठे आखडायचं आणि कुठे नाही, हे ठरवणं म्हणजेच आराखडा. गाडी आखडा, बोगदा आखडा, पण फलाटावर उभी असलेली गाडी पूर्ण मावली पाहिजे.

ते मावतं का बघू. लांब भिंत १२ फूट, म्हणजे ३ मीटर ६६. दोन्ही कोपऱ्यांत ७० चं वळण आणि भिंतीपासून ८ सेंटिमीटर अंतर धरलं तर सरळ भाग उरतो २ मीटर १०. लूपच्या प्रत्येक टोकाला एक मोठा पॉइंट, म्हणजे गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारा रुळांचा सांधा; पेको या ब्रिटिश कंपनीचा मोठा पॉइंट २५८ मिलिमीटर भरतो, आणि त्यापुढे शेजारच्या लाइनवरची गाडी न घासता उभी राहील इथपर्यंतचं फाउलिंगचं अंतर. प्रत्येक टोकाला मिळून साधारण ४५ सेंटिमीटर गेले. मधे राहिले १ मीटर २०. इंजिन साधारण २४ सेंटिमीटर धरलं तर तीन डबे सुखाने बसतात, चौथा बसत नाही. चौथा डबा हवाच असेल तर एका टोकाचा पॉइंट सरळ भागातून काढून वळणात न्या. वळणातला पॉइंट मिळतो. पेकोच्या त्या पॉइंटची आतली त्रिज्या ७६२ मिलिमीटर आणि बाहेरची १५२४, तेव्हा तुमच्या ७० च्या वळणात तो शिरतो. तेवढ्याने लूप ३०–४० सेंटिमीटरने वाढला आणि चारही डबे आत आले. मी हेच करेन.

पॉइंट निवडताना काटकसर करू नका. लहान पॉइंट १८५ मिलिमीटरचा, जागा वाचते, पण त्याची वळणत्रिज्या ६१ सेंटिमीटर. असे दोन समोरासमोर जोडून क्रॉसओव्हर, म्हणजे एका लाइनवरून शेजारच्या लाइनवर जायची वाट, केला की गाडी आधी डावीकडे, लगेच उजवीकडे वळते. पहिल्या डब्याचं टोक एकीकडे फेकलं गेलेलं असतं, दुसऱ्याचं दुसरीकडे, आणि कपलर आडवा ओढतो. ओढताना निभावतं, पण ढकलताना डबा उचलला जातो. म्हणून उलटसुलट वळणांच्या मधे निदान एका डब्याइतका सरळ तुकडा हवा, आणि मेन लाइनवर मोठेच पॉइंट हवेत. लहान पॉइंट मालाच्या सायडिंगला चालतात, तिथे आखूड वाघिणी असतात. खऱ्या बॉक्सएन वाघिणीची (वरून उघडी मालवाघीण) लांबी कपलरसकट १०.७ मीटर, म्हणजे एच-ओत जेमतेम १२ सेंटिमीटर. ती कुठेही वळते.

समोरच्या भिंतीवर गाड्या थांबवायची जागा, म्हणजे स्टोरेज यार्ड. सगळ्या लेआउटचं काम यावर चालतं आणि नेमका हाच भाग लोक शेवटी उरलेल्या कोपऱ्यात कोंबतात. तीन लाइन पुरेत. पण त्या सगळ्या पॉइंटसकट सरळ भागातच बसवल्या तर पॉइंटच जागा खातात आणि गाडीला मीटरभरही उरत नाही. म्हणून पॉइंट आखूड भिंतींवर घ्या आणि तिन्ही लाइनी कोपऱ्यातून वळवून समोरच्या भिंतीवरून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत न्या. आतली ७० च्या वळणाने, बाहेरच्या दोन ६७-६७ मिलिमीटर अंतराने. प्रत्येक लाइन चार मीटरच्या आसपास होते, म्हणजे एकामागे एक दोन गाड्या उभ्या राहतात. तीन लाइनींत सहा गाड्या. हे यार्ड डोंगराखाली लपवू नका. समोर एक बुटकी भिंत किंवा झाडीची रांग द्या, वरून उघडं ठेवा. ज्या पॉइंटला हात लागत नाही तो पॉइंट आराखड्यात असताच कामा नये.

दार राहिलं. फळी चारही भिंतींना फिरणार तर कुठेतरी दारावरून जाणार. तिथे एकेरी लाइनचा काढता-घालता पूल करा, त्यावर पॉइंट अजिबात नको. पूल जागेवर बसला तरच जवळच्या रुळांना वीज मिळेल अशी जोडणी करा, नाहीतर एखाद्या दिवशी इंजिन जमिनीवर येईल. आपल्याकडे खोलीचं दार बहुतेक आत उघडतं, तेव्हा पूल असताना दार लावता येणार का, हे आत्ताच उघडून-मिटून बघा. दार आणि यार्डचे पॉइंट एकाच आखूड भिंतीवर आले तर जागा ओढाताणीची होते. तिथेही पहिला पॉइंट वळणात घ्यावा लागेल. पुलाला उंच खांबांचं रूप द्यायची इच्छा होईल. रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच आहे, एच-ओत पाऊण मीटर. तुमची फळी ११५–१२० सेंटिमीटर उंचीवर असेल तर खाली तेवढी जागा खरोखरच आहे. पण हे नंतर.

इतकं ठरल्यावर गाड्या लिहून काढा. रूळ बघू नका, नुसत्या गाड्या लिहा. मडगावकडून एक्स्प्रेस येते, मेन लाइनवरून न थांबता जाते. तिला वाट द्यायला कोलाडहून वेर्ण्याला निघालेली रोरो गाडी, सपाट वाघिणींवर चढवलेल्या ट्रकांची, लूपमध्ये उभी आहे. ही सेवा कोकण रेल्वेवर १९९९ पासून आहे आणि मॉडेलवर तिच्याइतकी देखणी मालगाडी दुसरी नाही. एक्स्प्रेस बोगद्यात गेली की रोरो निघते. मग सावंतवाडीकडे जाणारी पॅसेंजर फलाटाला लागते, समोरून दुसरी येते, दोघींचं क्रॉसिंग होतं. आता या प्रत्येक गाडीसाठी आराखड्यावर पेन्सिलचं टोक फिरवा. रोरो लूपमध्ये मावली का? ती उभी असताना एक्स्प्रेस दोन्ही पॉइंटांवरून मोकळी गेली का? पॅसेंजर फलाटाला लागायची तर फलाट मेन लाइनला आहे की लूपला? सायडिंगमधली वाघीण काढायला इंजिन नेमकं कुठल्या बाजूला असायला हवं? जिथे पेन्सिल अडते तिथे आराखडा चुकला. जो रूळ कोणत्याच गाडीने वापरला नाही तो खोडा. तुमच्या मूळ आराखड्यावर मी हे करून पाहिलं तर यार्डातले तीन रूळ असे निघाले, ज्यांच्यात गाडी शिरू शकते पण इंजिन सुटून बाहेर येऊ शकत नाही.

काळही ठरवा, त्याचा आराखड्याशी थेट संबंध आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतरचं दाखवायचं तर खांब आणि तारा हव्यात, आणि खांबांना रुळाच्या दोन्ही बाजूंना जागा हवी. वळणाच्या आतल्या बाजूचा खांब त्या झुकणाऱ्या डब्याच्या पोटाला लागू शकतो. त्याआधीचा काळ घेतलात तर डिझेल इंजिनामागे एलएचबी डबे, हे दृश्य तिथे खरोखर होतं, आणि हा सगळा व्याप वाचतो.

एन मापाचा विचार करू का, असंही तुम्ही विचारलंय. एन म्हणजे १:१६०, एलएचबी डबा कपलरसकट १५ सेंटिमीटर. याच भिंतीवर ४० सेंटिमीटरच्या वळणाने सरळ भाग पावणेतीन मीटर मिळतो आणि लूपमध्ये बारा डबे उभे राहतात. गाडी गाडीसारखी दिसते. नुसत्या आराखड्याच्या दृष्टीने एन सरस आहे, यात शंका नाही. पण भारतीय गाड्या या मापात मिळणं कठीण, आणि तुमचे डबे आधीच आलेत. ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही आणि जे युरोपीय किंवा जपानी गाड्यांवर खूश आहेत, त्यांनी मात्र एनच घ्यावं.

खोली पुढेमागे परत द्यावी लागेल, असं तुमच्या प्रश्नात ओझरतं आलंय. ती शक्यता खरी असेल तर संपूर्ण फेरा न करता आधी फक्त स्टेशनची फळी बांधा, दोन सुट्या तुकड्यांत, आणि जोडावर पॉइंट येणार नाही असं बघा. किंवा त्याहूनही लहान सुरुवात: दीड-पावणेदोन मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळीवर तीन सायडिंगचं शंटिंग यार्ड. ब्रिटनमधल्या अॅलन राइट यांच्या 'इंगलनुक' नावाच्या रचनेत एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, दोनमध्ये तीन-तीन, आणि पुढच्या तुकड्यात इंजिन अधिक तीन वाघिणी. आठ वाघिणींपैकी पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. क्रम होतात ६७२०. बॉक्सएन वाघिणी आणि एक डिझेल इंजिन घेऊन हे आपल्याकडे उत्तम जमतं, दोन पॉइंटांत. यातले आकडे मात्र पवित्र आहेत: एखादी सायडिंग 'थोडी सोय' म्हणून लांब केली की कोडं सोपं होतं आणि खेळ संपतो.

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, ते जरूर बघा, पण एक फरक लक्षात ठेवून. ते प्रेक्षकांसाठी केलेलं मोठं प्रदर्शन आहे, बाहेरून बघायचं. एका वेळी पुष्कळ काही चालू असलेलं तिथे शोभतं. तुम्ही घरी एकटे, गाड्यांच्या आत उभे राहून एका वेळी एक-दोन गाड्या चालवणार. तिथून सिग्नल, रस्ते, इमारती यांच्या कल्पना घ्या, रुळांची संख्या घेऊ नका.

आता कागद. एनीरेल, स्कार्म, एक्सट्रॅककॅड, आराखडा काढायचा जो प्रोग्रॅम तुम्ही वापरता तो ठीक आहे. एक्सट्रॅककॅड फुकट मिळतं. पण आधी आलेखाच्या कागदावर १:१० प्रमाणात हाताने काढा. खोलीत खिडकीचे गज, स्विचबोर्ड, पंख्याचा रेग्युलेटर, एसीचं पाणी पडणारी जागा, सगळं आधी त्यावर मांडा. मग प्रोग्रॅममध्ये कमीत कमी त्रिज्या आणि जास्तीत जास्त चढ स्वतः ठरवून मगच रूळ टाका. शेवटी पूर्ण आकारात जमिनीवर. पेकोच्या पॉइंटांचे खऱ्या मापाचे नकाशे कंपनी मोफत देते, ते छापा; छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा आणि छापल्यावर फूटपट्टीने मोजा, कारण प्रिंटर दोन-चार टक्के गुपचूप कमी करतो आणि मग दहा पॉइंटांत पाच-दहा सेंटिमीटरची चूक येते. खाकी कागदाच्या पट्ट्यांवर ते चिकटवा, वळणं दोरी आणि खिळ्याने काढा, आणि त्यावर तुमचे खरे डबे ठेवा. फाउलिंगची जागा कागदावर मोजण्यापेक्षा दोन डबे शेजारी ठेवून पुढे सरकवत जा. जिथे एकमेकांना टेकतात त्याच्या दोन सेंटिमीटर मागे खूण करा. हीच खूण लूपची खरी लांबी सांगते.

याच कागदावर विजेच्या खुणाही करायच्या: लाल रेघ जिथे रूळ तोडायचा, निळा ठिपका जिथे खालून वायर येणार. लूप आणि मेन लाइन वेगवेगळ्या बंद करता आल्या पाहिजेत, नाहीतर दोन इंजिनं एकदम हलतील. डीसीसी असेल तरी वायर साधारण दर मीटरला हवीच. जॉइनरच्या भरवशावर राहू नका, आपल्या पावसाळ्यात ते काळे पडतात. लाकूडही पावसाळ्यात फुगतं, रुळापेक्षा जास्त. म्हणून साधा कमर्शियल प्लाय न घेता बीडब्ल्यूपी ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, १२ मिलिमीटरचा घ्या, दोन्ही बाजू आणि सगळ्या कडा रंगवून बंद करा, फळी भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे ठेवा म्हणजे ओल चढणार नाही, आणि रुळांच्या जोडांत मिलिमीटरभर फट सोडा.

जमिनीवर कागद मांडून झाला की चारही डबे हाताने, पुढून ओढून नाही तर मागून ढकलून, स्टोरेजपासून बोगद्यापर्यंत आणि बोगद्यापासून लूपपर्यंत फिरवा. घरच्या कुणाला तरी दारातून पाण्याचा तांब्या घेऊन आत यायला सांगा, म्हणजे पुलाची जागा बरोबर आहे का ते कळेल. दोन दिवस कागद तसाच राहू द्या, तिथून ये-जा करा. मग आधी दोन पॉइंट आणि चार लवचिक रूळ आणा, फक्त स्टेशनचे, आणि त्यांवर डबे फिरवून बघा. प्लाय त्यानंतर.